मोठी शहरं घ्या, पण कौनासचं दार बंद करू नका

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या क्रीडा पानावर खालच्या कोपऱ्यात चार ओळींची बातमी आली होती, की अमेरिकेतली एनबीए, म्हणजे तिथली सर्वात मोठी बास्केटबॉल लीग, आता युरोपात नवीन लीग काढणार आहे आणि लंडन, पॅरिस, बर्लिनसारख्या मोठ्या शहरांत प्रोफेशनल बास्केटबॉल नेणार आहे. बातमी छापली त्याबद्दल आधी मनापासून आभार, कारण मराठी पेपरात बास्केटबॉलला चार ओळी मिळणं हीसुद्धा आमच्यासाठी मोठी गोष्ट आहे. पण त्या ओळी वाचून असं वाटतं की युरोपात आजवर बास्केटबॉल नव्हतंच आणि आता अमेरिकावाले येऊन ते सुरू करून देणार. तसं नाहीये हो. म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, जागा नसेल तर कापा, पण कौनासबद्दल जे लिहिलंय तेवढं राहू द्या ही विनंती.

मी नागपूरचा. शाळेत असल्यापासून बास्केटबॉल खेळलो, युनिव्हर्सिटीकडून खेळलो, मग नोकरी, संसार, गुडघ्याचं ऑपरेशन, आणि आता चौदा वर्षं झाली, रोज संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या सिमेंटच्या कोर्टवर पोट्ट्यांना शिकवतो. पोरीही येतात, सध्या तर पोरांपेक्षा पोरीच जास्त आहेत. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, मे महिन्यात दिवस कलला तरी कोर्टवर पाय ठेववत नाही, आम्ही सहा वाजता बादल्यांनी पाणी मारतो, मग वाफ निघते, मग पाऊण तासानं कुठं खेळायला घेता येतं. सिमेंटवर घासून घासून बॉलचे दाणे सहा महिन्यांत जातात, गुळगुळीत होतो, घामाच्या हातातून सटकतो, तरी पोरं त्याच बॉलवर डाव्या हाताचं ड्रिबलिंग शिकतात. एका रिंगला जाळी आहे, दुसरीला नाही, आणि बिनजाळीच्या रिंगमधून शॉट आतून गेला की बाहेरून यावर रोज एक भांडण ठरलेलं.

तर ही बातमी मी कोर्टवर सगळ्यांना वाचून दाखवली. नववीतला एक मुलगा आहे, पॉइंट गार्ड खेळतो, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ मांडणारा, त्यानं पहिला प्रश्न काय विचारला तर, "सर, याच्यात झालगिरिस आहे का?"

झालगिरिस म्हणजे लिथुआनियातल्या कौनास या गावाची टीम. या पोरानं ती मोबाइलवर बघितली, त्यांचे गार्ड स्क्रीन घेऊन, म्हणजे आपल्याच खेळाडूच्या आडोशानं, कसे आत शिरतात ते बघून बघून तो तसं करायला लागला. मी त्याला सांगितलं की बाबा, ज्या शहरांची नावं घेतली जाताहेत त्यात लंडन, मँचेस्टर, पॅरिस, लिऑन, बर्लिन, म्युनिक, माद्रिद, बार्सिलोना, रोम, मिलान, अथेन्स आणि इस्तंबूल आहेत. कौनास नाही. तर तो म्हणाला, "काहून?"

कौनासची लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपलं नागपूर २४ लाखांचं होतं, म्हणजे कौनाससारखी आठ गावं त्यात बसतील. अख्खा लिथुआनिया देश धरला तरी २८-२९ लाख माणसं, नागपूर शहरापेक्षा थोडीशीच जास्त. आणि एवढ्याशा देशानं काय केलंय बघा. १९३७ मधे युरोपचा चॅम्पियन, १९३९ मधे पुन्हा चॅम्पियन, आणि ती १९३९ ची स्पर्धा कौनासमधेच भरली, त्यासाठी त्यांनी खास बास्केटबॉलचा हॉल बांधला. मग सोव्हिएत राजवट आली, देशाचा झेंडा गेला, पण टीम राहिली. १९८० च्या दशकात कौनासची पोरं मॉस्कोच्या लष्कराच्या टीमला, सीएसकेएला, भिडायची, १९८५, ८६, ८७ अशी सलग तीन वर्षं सोव्हिएत चॅम्पियनशिप त्यांनी जिंकली, सात फूट तीन इंचाचा अर्विदास साबोनिस तेव्हा त्यांच्याकडून खेळायचा. झेंडा फडकवता येत नव्हता तेव्हा लोकं मॅचला जायची. १९९० मधे स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि दोनच वर्षांनी बार्सिलोना ऑलिम्पिकमधे लिथुआनियाच्या टीमनं ब्राँझ जिंकलं, तेही जुन्या सोव्हिएत देशांच्या एकत्र टीमला हरवून, आणि अमेरिकेतल्या एका बँडनं दिलेले रंगीबेरंगी टी-शर्ट घालून ते पदक घ्यायला उभे राहिले. १९९९ मधे झालगिरिस युरोपची चॅम्पियन झाली. आज नेमुनास नदीतल्या बेटावर त्यांचा पंधरा हजारांच्या आसपास माणसं मावतील असा हॉल उभा आहे, २०११ चा, आणि तो मॅचला गच्च भरतो. तीन लाखांच्या गावात पंधरा हजार माणसं एका रात्री बास्केटबॉल बघतात म्हणजे दर वीस माणसांमागे एक. या हिशोबानं नागपुरात सव्वा लाख माणूस लागेल, आणि जामठ्याचं क्रिकेट स्टेडियम दोनदा भरूनही तेवढा होत नाही.

आता जे ठरतंय ते काय आहे तेही नीट सांगतो. २०२५ च्या मार्च महिन्यात एनबीएचे कमिशनर ॲडम सिल्व्हर आणि आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटना, म्हणजे फिबा, तिचे सरचिटणीस अँड्रियास झाग्क्लिस या दोघांनी मिळून जाहीर केलं की युरोपात नवी लीग काढायचा विचार आहे. टीम १६. त्यातल्या १२ कायमच्या, जिंकोत की हरोत, त्यांची जागा पक्की. उरलेल्या ४ जागा दरवर्षी खेळून मिळवायच्या, फिबाच्या चॅम्पियन्स लीगमधून किंवा पात्रता स्पर्धेतून. २०२७ च्या ऑक्टोबरात सुरू करायचा बेत आहे. कायमच्या एका टीमसाठी मालकाकडून ५० कोटी ते १०० कोटी डॉलर मागितले जातील असं बातम्यांत येतंय, म्हणजे वरचा आकडा धरला तर आपले आठ-नऊ हजार कोटी रुपये. एवढा पैसा कौनास कुठून आणणार.

मोठ्या शहरांत जाऊच नये असं माझं बिलकुल म्हणणं नाही. रोमचंच घ्या. रोमची टीम १९८४ मधे युरोपची चॅम्पियन होती आणि २०२० च्या डिसेंबरात पैशाअभावी सीझनच्या मधेच तिला लीग सोडावी लागली. एवढं मोठं शहर, आणि टॉपच्या लीगमधे टीम नाही. तिथं कोणी पैसा घेऊन आलं तर चांगलंच आहे. लंडनला वीस हजारांचा ओटू अरीना आहे, युरोपातला एनबीएचा पहिला रेग्युलर सीझनचा सामना २०११ मधे तिथंच झाला, गल्लीबोळात बास्केटबॉल खेळणारी पोरं लंडनमधे ढिगानं आहेत, पण त्यांच्यासमोर बघायला घरची दमदार टीम कधी टिकली नाही. पॅरिसचं तर उदाहरणच घ्यावं असं आहे. पॅरिस बास्केटबॉल हा क्लब २०१८ मधे सुरू झाला, खालच्या डिव्हिजनमधून खेळत वर आला आणि २०२४ मधे युरोलीगमधे, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सध्याच्या सर्वात वरच्या लीगमधे, पोचला, सहा वर्षांत. त्यांचा हॉल तोच, जिथं २०२४ च्या ऑलिम्पिकचं बॅडमिंटन झालं, आपली सिंधू आणि लक्ष्य सेन खेळले तो. मोठ्या शहरात टीम अशीही उभी राहते, पायऱ्या चढून. कोणी तिला आधीच माळ्यावर नेऊन बसवलं नव्हतं.

माझा सगळा आक्षेप त्या १२ कायमच्या जागांना आहे.

याचं कारण मला युरोपात जाऊन शोधायची गरज नाही, ते इथंच आहे. आपली विदर्भाची रणजी टीम वर्षानुवर्षं प्लेट ग्रुपमधे, म्हणजे खालच्या गटात, खेळत होती, मुंबई-दिल्ली-कर्नाटकवाले तिला मोजत नव्हते. मग २०१७-१८ मधे इंदूरला दिल्लीला हरवून रणजी जिंकली, रजनीश गुरबानीची फायनलमधली हॅटट्रिक आजही डोळ्यासमोर आहे. पुढच्या वर्षी जामठ्यावर सौराष्ट्रला हरवून पुन्हा. आणि २०२४-२५ मधे केरळसमोर तिसऱ्यांदा. तीन रणज्या! आता विचार करा, कोणी पन्नास वर्षांपूर्वी ठरवलं असतं की रणजीत बारा मोठ्या शहरांच्या टीम कायमच्या, त्यांचीच टीव्हीवर किंमत आहे, बाकीच्यांनी चार जागांसाठी आपसात मारामारी करावी, तर विदर्भाला हे दिवस दिसले असते का? खालून वर यायची वाट उघडी होती म्हणून आलो. अकोल्या-अमरावतीची पोरं जामठ्याला पोचली ती त्या वाटेनं.

आणि बंद दुकानात भाड्यानं आणलेली टीम कशी असते तेही नागपूरनं बघितलंय. २०१० मधे तेलंगणाच्या आंदोलनामुळे डेक्कन चार्जर्सच्या आयपीएलच्या काही घरच्या मॅचेस जामठ्याला आल्या. आम्ही गेलो, तिकिटं काढली, घसा बसेपर्यंत ओरडलो, टीम हैदराबादची पण तीन मॅचेसपुरती आपली. सीझन संपला, टीम गेली. आयपीएलमधे नागपूरची टीम अजूनही नाही. हिवाळी अधिवेशनासारखंच म्हणा न, नागपूर करार १९५३ चा, दरवर्षी एक-दोन आठवडे सगळं सरकार इथं येतं, रस्ते धुतले जातात, दिवे लागतात आणि मग गाड्या मुंबईला परत. युरोपातल्या शहरांत एनबीए इतकी वर्षं असंच करत आली, वर्षाला एक-दोन मॅचेस, जानेवारी २०२५ मधे पॅरिसला, जानेवारी २०२६ मधे बर्लिन आणि लंडनला. मुंबईला २०१९ च्या ऑक्टोबरात सॅक्रामेंटो आणि इंडियानाच्या दोन मॅचेस झाल्या, वरळीच्या डोममधे, सॅक्रामेंटोचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, केवढा आनंद झाला होता आम्हाला, आडनाव वाचूनच. त्यानंतर पुन्हा एनबीएची मॅच भारतात झाली नाही. तेव्हा एनबीए आता युरोपात मुक्कामाला यायचं म्हणतेय हे त्या एका रात्रीच्या खेळांपेक्षा नक्कीच बरं आहे, हे मी मान्य करतो. पण मुक्कामाला येणाऱ्यानं घरातल्या माणसांना बाहेर काढू नये.

माझ्या पोट्ट्यांबाबत असं झालेलं आहे म्हणून जास्त लागतं. काही वर्षांपूर्वी एक खाजगी लीग निघाली होती, नाव घेत नाही. मोठ्या शहरांच्या नावानं टीम, चकचकीत जर्सी, टीव्हीवर मॅचेस. ट्रायल मुंबईला. आमच्या कोर्टवरचे तिघं गेले, सेवाग्राम एक्सप्रेसच्या जनरल डब्यातून रात्रभर उभ्यानं, एकाच्या बुटाचा तळ निघालेला म्हणून त्यानं फेव्हिक्विक सोबत घेतलं होतं. तिथं प्रत्येकाला कोर्टवर मोजून सात मिनिटं मिळाली. उंची लिहून घेतली, फोन नंबर लिहून घेतला. नंतर फोन आला नाही, आणि लीगही फार काळ चालली नाही. तिघांपैकी एक आज बँकेत आहे, एकाचं मोबाइलचं दुकान आहे आणि एक माझ्यासोबत शिकवायला येतो. निवड झाली नाही याचं वाईट वाटत नाही, खेळात ते चालतंच. वाईट याचं वाटतं की त्या लीगला खाली काही नव्हतंच, ना जिल्हा, ना क्लब, ना पुढच्या वर्षी पुन्हा यायची वाट. वरून एक तंबू ठोकला होता आणि वारं आलं की तो उडाला.

युरोपातल्या लोकांना हे कळतं, त्यांनी हे भोगलेलं आहे. २००० मधे मोठ्या क्लबांनी फिबापासून फुटून आपली वेगळी युरोलीग काढली, तेव्हा एका सीझनला दोन युरोपियन स्पर्धा झाल्या आणि २००१ मधे युरोपला दोन चॅम्पियन मिळाले, एकीकडे मक्काबी तेल अवीव, दुसरीकडे इटलीची बोलोन्या. कोण खरा ते आजही लोकं भांडतात. पुढच्याच वर्षी एकत्र यावं लागलं. २०२१ च्या एप्रिलमधे फुटबॉलच्या १२ श्रीमंत क्लबांनी कायमच्या जागांची सुपर लीग जाहीर केली तर इंग्लंडमधे त्याच क्लबांचे फॅन रस्त्यावर उतरले, की आमची टीम हरली तर खाली गेली पाहिजे, आम्हाला अशी फुकटची जागा नको, आणि दोन दिवसांत इंग्लंडचे सगळे सहा क्लब बाहेर पडले. अमेरिकन फुटबॉलवाल्यांनीही १९९१ पासून युरोपात लीग चालवून पाहिली, मधे बंद पडली, पुन्हा सुरू झाली, शेवटी २००७ मधे उरलेल्या सहा टीमपैकी पाच जर्मनीतल्याच होत्या आणि कुलूप लागलं. खेळाडू बहुतेक अमेरिकेतून पाठवलेले, गावातली पोरं त्यात नव्हती. हां, त्या निमित्तानं जर्मनीत त्या खेळाचं वेड लागलं ते मात्र टिकलं, हे कबूल करायला हवं.

आणि सध्याची युरोलीग काही धुतल्या तांदळासारखी आहे असं मी म्हणत नाही. तिच्यातही बऱ्याच क्लबांचे लायसन्स कायमसारखेच आहेत, बरेच क्लब तोट्यात चालतात, २०२५ ची शेवटची फेरी तर त्यांनी अबुधाबीला नेली (फेनरबाचे जिंकली), मग दुबईची टीम घेतली आणि वीस टीम केल्या. पैसा जिकडे तिकडे पळणं त्यांनाही जमतं. म्हणून जुनं सगळं चांगलं आणि नवं सगळं वाईट असं हे भांडण नाही. पण आज युरोलीगमधे कौनास आहे, बेलग्रेडच्या पार्टिझान आणि रेड स्टार दोन्ही आहेत, बोलोन्या आहे, अडीच लाखांच्या व्हिटोरिया गावाची बास्कोनिया आहे. उद्याच्या त्या १२ शहरांच्या यादीत यातलं एकही नाव नाही.

आणि खेळाडू घडवलेत कोणी? एनबीएचा सर्वात मोठा किताब, एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, २०१८ मधे जेम्स हार्डनला मिळाला, त्यानंतर २०२५ पर्यंत अमेरिकेत जन्मलेल्या एकाही खेळाडूला तो मिळालेला नाही. निकोला योकिचला तीनदा मिळाला. तो सर्बियातल्या सोम्बोर नावाच्या छोट्या गावचा, २०१४ च्या ड्राफ्टमधे, म्हणजे एनबीएच्या टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, ४१ व्या नंबरवर घेतलेला. यानिस अँटेटोकुंपोला दोनदा. तो अथेन्समधे नायजेरियातून आलेल्या आईवडलांचा मुलगा, भावाबरोबर रस्त्यावर घड्याळं आणि गॉगल विकायचा, दोघा भावांत बुटांचा एकच जोड, एक खेळून आला की दुसरा तोच घालून उतरायचा. आमच्या कोर्टवर हे मी रोज बघतो. त्याला कोणी ग्रीसच्या नावाजलेल्या क्लबनं नाही घडवलं, दुसऱ्या डिव्हिजनच्या एका छोट्या क्लबनं घडवलं. तो छोटा क्लब जिवंत राहिला म्हणून यानिस आहे. छोट्या क्लबला जिवंत ठेवतं काय, तर एवढंच, की आपण जिंकत गेलो तर वर जाऊ. ती आशा काढून घ्या, पुढच्या वर्षी त्या क्लबचा स्पॉन्सर जातो, मग कोच जातो, मग मुलं जातात. वर पुन्हा आता अमेरिकेतल्या कॉलेजांना खेळाडूंना पैसे द्यायची मुभा मिळालीय, त्यामुळे अठरा-एकोणीसची युरोपियन पोरं तिकडे जायला लागलीत आणि ज्यांनी दहा वर्षं शिकवलं त्या क्लबांच्या हाती फारसं काही राहत नाही.

बर्लिनची अल्बा ही टीम मला यात फार आवडते. शहर मोठं, पण काम खालून. त्यांचे कोच शाळांमधे जातात, बालवाड्यांमधे जातात, तिथूनच मोरिट्झ आणि फ्रान्झ वॅगनर हे दोघे भाऊ निघाले, आणि २०२३ मधे जर्मनी मनिलाला वर्ल्ड कप जिंकली, २०२५ मधे रिगाला तुर्कस्तानला हरवून युरोपची चॅम्पियन झाली, त्या टीममधे फ्रान्झ वॅगनर होता. जानेवारी २०२६ मधल्या बर्लिनच्या मॅचला एनबीएनं ओरलँडोची टीम आणली ती काही उगाच नाही, वॅगनर बंधू तेव्हा ओरलँडोचे. बर्लिनमधे पोरांची पहिली ओळख या खेळाशी कोणी करून दिली? बालवाडीत बॉल घेऊन जाणाऱ्या त्या कोचनं. विस्तार म्हणतात तो याला.

बर्लिनवरून आठवलं, बास्केटबॉल ऑलिम्पिकमधे पदकाचा खेळ म्हणून पहिल्यांदा आलं ते १९३६ च्या बर्लिनमधेच. उघड्यावर, मातीच्या टेनिस कोर्टवर, आणि फायनलला पाऊस आला, चिखलात बॉल उडेना, अमेरिकेनं कॅनडाला १९-८ नं हरवलं, आजच्या एका क्वार्टरचाही स्कोअर यापेक्षा मोठा असतो. खेळ शोधणारे जेम्स नेस्मिथ तेव्हा तिथं हजर होते. आणि त्याच ऑलिम्पिकच्या वेळी आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं बर्लिनला जाऊन कबड्डी आणि देशी खेळ करून दाखवले होते. अमरावतीहून, १९३६ मधे! माझ्या पोरांना मी हे दरवर्षी सांगतो. मोठ्या शहराची वाट बघत अमरावतीवाले बसले असते तर बोटीत चढलेच नसते.

मग माझं मागणं काय. एक, १२ कायमच्या आणि ४ खुल्या, हे उलटं नाही तर निदान अर्धं-अर्धं करा, ८ कायमच्या, ८ खेळून मिळवायच्या. पैसे लावणाऱ्याला काहीतरी खात्री लागते हे मला कळतं, पण निम्मी खात्री पुरे. दुसरं म्हणजे त्या प्रत्येक मोठ्या फीमधला ठरावीक वाटा ज्या क्लबांनी खेळाडू घडवले त्यांना गेला पाहिजे. फुटबॉलमधे फिफाचा नियम आहे, खेळाडू पैसे देऊन दुसरीकडे गेला की रकमेतले ५ टक्के, तो बारा ते तेवीस वर्षांचा असताना ज्या ज्या क्लबात शिकला त्यांच्यात वाटले जातात. त्या पैशात एखाद्या गावाच्या क्लबचा हॉल उभा राहतो. एनबीएला अमेरिकेतल्या टीव्ही हक्कांचे ११ वर्षांसाठी ७६ अब्ज डॉलर मिळालेत, त्यांना हे जड नाही.

याचा नागपूरशी काय संबंध असं कोणी वाचक विचारेल, तर संबंध आहे. एनबीएची मॅच आपल्याकडे सकाळी लागते, साडेपाच-सहापासून, पोरांची शाळेची रिक्षा दारात उभी असते, शेवटचं क्वार्टर कोणाला बघायला मिळत नाही. युरोपात शनिवार-रविवारी संध्याकाळी पाचची मॅच म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेनऊ. जेवण करून घरचे सगळे बसून बघतील. म्हणजे युरोपातली लीग भारतातल्या घरांत शिरणार हे नक्की, आणि तिकडे जो नमुना ठरेल त्याचीच नक्कल पुढे इकडे होणार, लीग काढणारे इथले लोकं तिकडेच बघतात. तिकडे बारा मोठ्या शहरांची बंद लीग झाली तर इकडेही मुंबई, दिल्ली, बंगळूर, हैदराबादची बंद लीग होईल आणि माझा पॉइंट गार्ड पुन्हा जनरल डब्यातून सात मिनिटांसाठी जाईल. तिकडे वाट उघडी राहिली, तर उद्या आमच्यासारख्या वस्तीतल्या क्लबलाही जिल्ह्यातून, राज्यातून, वर जाता येईल अशी लीग मागायला आमच्या हातात उदाहरण राहील. सतनाम सिंग पंजाबातल्या खेड्यातून २०१५ मधे एनबीएच्या ड्राफ्टपर्यंत गेला, ५२ वा, पहिला भारतीय. पण तो एकटा गेला. त्याच्यामागे खालून वर नेणारी लीग नव्हती.

तुमच्याकडे एक मागणं आहे, तेही लिहूनच टाकतो. क्रीडा पानावर आठवड्यातून एकदा युरोपातल्या बास्केटबॉलचे निकाल द्या, दोन ओळी, नुसता स्कोअर दिला तरी चालेल, आमची पोरं ते कापून वहीत चिकटवतात. आणि आपल्या जिल्ह्याच्या आंतरशालेय बास्केटबॉल स्पर्धेचा निकाल निदान खेळाडूंच्या नावांसह छापा. मागच्या वर्षी आमच्या मुलींनी सेमीफायनल जिंकली त्याची बातमी आली होती, त्यात टीमचं नाव होतं, मुलींची नावं नव्हती. त्यातल्या एकीच्या आजीनं त्या दिवशीचा पेपर दोनदा चाळला होता.

त्या नववीतल्या पोराला मी सध्या एवढंच सांगितलंय की झालगिरिसला त्या चार जागांपैकी एकीसाठी खेळावं लागेल, आणि ते खेळतील. त्यावर तो म्हणाला, "मग आपण रोज बघायचं सर", आणि बिनजाळीच्या रिंगखाली शॉट मारायला गेला.

आपला नम्र,
एक जुना खेळाडू आणि वस्तीतला कोच,
नागपूर